अणूइतका पातळ पदार्थ, डोंगराएवढी अपेक्षा

बॅटरी आणि अतिसंवाहकता यांसाठी उपयोगी पडतील अशा द्विमितीय पदार्थांची भाकिते संगणक आता हजारोंच्या संख्येने करू लागला आहे. मात्र यादीतील पदार्थ आणि हातात येणारी वस्तू यांच्यात मोठे अंतर आहे. ते अंतर कोण आणि कुठे कापणार, यावर या संशोधनाचा लाभ कोणाच्या पदरात पडेल हे अवलंबून आहे. लोहखनिज, काळी वाळू आणि मीठ जवळ असलेल्या दक्षिण कोकणच्या दृष्टीने या प्रश्नाचा घेतलेला वेध.

मालवण, खास प्रतिनिधी

मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे सरकले. माड आणि आंब्याची झाडे वीजवाहिन्यांवर कोसळली, खांब आडवे झाले आणि किनारपट्टीतील अनेक गावांना कित्येक दिवस विजेविना काढावे लागले. वीज जाणे म्हणजे नुसते दिवे जाणे नव्हे. विहिरीवरचा पंप थांबतो, मोबाइलचे मनोरे बंद पडतात, बर्फ मिळेनासा होतो आणि उतरवलेली मासळी टिकवणे अशक्य होते. तारा पुन्हा ओढल्या जाईपर्यंत ज्यांच्याकडे साठवलेली वीज असते त्यांचेच व्यवहार चालू राहतात. अशी साठवण आज सर्वसामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे.

किनाऱ्यावर ऊन भरपूर आहे. सौरपट्ट्या पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. अडते ते साठवणुकीपाशी. बॅटरी हलकी, स्वस्त, दीर्घायुषी आणि दमट, खाऱ्या हवेत टिकणारी हवी. अशी बॅटरी कोणत्या पदार्थाची करावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत गेल्या पंचवीस वर्षांत मुळापासून बदलली आहे. पूर्वी हा शोध प्रयोगशाळेतील भट्टीपासून सुरू होत असे. आता तो बहुतेक वेळा संगणकापासून सुरू होतो. पदार्थ तयार होण्यापूर्वीच तो टिकेल का, त्यात किती वीज साठेल, तो अतिसंवाहक होईल का, याचे गणित मांडले जाते. या गणिताचा सर्वाधिक भर सध्या ज्या पदार्थांवर आहे, ते म्हणजे एका किंवा मोजक्या अणूंच्या जाडीचे द्विमितीय पदार्थ.

घावनांच्या चळतीतील एक घावन

मोबाइलमधील लिथियम बॅटरीत चार्जिंग करताना लिथियमचे आयन ज्या भागात जाऊन बसतात, त्याला ॲनोड म्हणतात. हा भाग आजही प्रामुख्याने ग्रॅफाइटचा असतो. ताटात एकावर एक घावने रचावीत, तसे ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे थर एकावर एक असतात. थराच्या आत अणूंची पकड घट्ट, तर दोन थरांमध्ये ती सैल असते. लिथियम या सैल जागेत शिरतो. मात्र तेथील जागा मोजकी आहे. कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एकच अणू मावतो. त्यामुळे ग्रॅफाइटची क्षमता दर ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास या मर्यादेपलीकडे जात नाही.

या चळतीतील एकच थर वेगळा काढता आला तर? मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीच्या साह्याने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर मिळवून दाखविला. हेच ग्रॅफिन. या कामाबद्दल त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असा थर दोन्ही बाजूंनी मोकळा असतो. त्याच्या दोन्ही पृष्ठांवर आयन बसू शकतात. इलेक्ट्रॉनांना मात्र हालचालीसाठी केवळ लांबी आणि रुंदी उरते. या कोंडीमुळे त्यांचे वागणे बदलते आणि जाड पदार्थात न दिसणारे गुण पातळ थरात प्रकट होतात. बॅटरीचे संशोधक आणि अतिसंवाहकतेचे संशोधक एकाच वर्गातील पदार्थांकडे वळले, त्याचे कारण हेच आहे.

अतिसंवाहकता म्हणजे विजेला होणारा विरोध पूर्णपणे नाहीसा होणे. १९११ मध्ये हाइक कामरलिंघ ओनेस यांना पाऱ्यात हा गुण आढळला, तो उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास. तेव्हापासून एकच ध्यास आहे. हा गुण सामान्य तापमानाला मिळावा, म्हणजे वीज वाहून नेताना तारांत वाया जाणार नाही आणि एमआरआय यंत्रांना द्रवरूप हेलियमची गरज उरणार नाही.

भाकीत म्हणजे नेमके काय?

'संगणकाने नवा पदार्थ शोधला' अशा बातम्या वरचेवर झळकतात. त्यातील 'शोधला' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या गणिताचा पाया वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ व १९६५ मध्ये घातला. पदार्थातील प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा स्वतंत्र माग काढणे कोणत्याही संगणकाला झेपणारे नाही. त्याऐवजी इलेक्ट्रॉनांची दाटी कुठे किती आहे, एवढे कळले तरी पदार्थाची ऊर्जा काढता येते, असे त्यांनी दाखवून दिले. डेन्सिटी फंक्शनल थिअरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीसाठी कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीत संशोधक अणूंची एक मांडणी कल्पितो. संगणक तिची ऊर्जा काढतो. त्याच मूलद्रव्यांच्या इतर मांडण्यांपेक्षा ती कमी असेल, तर पदार्थ टिकण्याची शक्यता अधिक. पुढे अणूंना किंचित हलवून पाहिले जाते. ते जागेवर परतले तर मांडणी स्थिर, घसरत गेले तर बाद. बॅटरीसाठी लिथियमचा अणू थरावर ठेवून त्याला किती ऊर्जेने धरले जाते हे पाहतात, त्यावरून व्होल्टेज कळते. एका जागेवरून शेजारच्या जागेवर जाताना त्याला किती उंच चढ चढावा लागतो, यावरून चार्जिंग किती वेगाने होईल याचा अंदाज येतो. अतिसंवाहकतेसाठी इलेक्ट्रॉन आणि अणूंची कंपने यांची सांगड किती बळकट आहे हे मोजले जाते. १९५७ च्या बार्डिन, कूपर आणि श्रीफर यांच्या सिद्धांताच्या आधारे त्यातून संक्रमणाचे तापमान काढता येते.

ही पद्धत फोल नाही. १९९८ मध्येच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गेरब्रँड सेडर यांच्या गटाने बॅटरीतील कोबाल्टच्या जागी काही प्रमाणात ॲल्युमिनियम घातल्यास व्होल्टेज वाढेल असे गणिताने सांगितले आणि प्रयोगाने ते पडताळून दाखविले. सोडियम ग्रॅफाइटमध्ये का शिरत नाही, याचा उलगडाही गणितानेच केला. सोडियमचा आयन आकाराने मोठा म्हणून त्याला जागा मिळत नाही, असे सांगितले जात असे. पण त्याहून मोठा असलेला पोटॅशियमचा आयन ग्रॅफाइटमध्ये शिरतो. खरे कारण आकार नसून सोडियमचा कार्बनशी जुळणारा बंध दुबळा असणे हे आहे, असे २०१६ मधील आकडेमोडीतून पुढे आले. कुठे शोधायचे आणि कुठे वेळ दवडायचा नाही, हे सांगणे ही संगणकाची खरी ताकद आहे.

याद्या लांबल्या, भट्ट्या मोजक्या

संगणकांचा वेग वाढला तशा याद्याही लांबत गेल्या. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील निकोला मार्झारी यांच्या गटाने २०१८ मध्ये आधीच ज्ञात असलेली १,०८,४२३ संयुगे चाळली. त्यांपैकी १,८२५ संयुगांचे थर सोलता येण्याजोगे असल्याचे त्यांच्या गणितातून निघाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील गटाने २०२३ मध्ये हजारांहून अधिक द्विमितीय पदार्थ अतिसंवाहकतेच्या कसोटीवर लावले. निरपेक्ष शून्याच्या वर पाच अंशांहून अधिक तापमानाला अतिसंवाहक ठरतील असे ३४ स्थिर पदार्थ त्यांना मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलच्या डीपमाइंड या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने २२ लाख नव्या स्फटिकरचना जाहीर केल्या. त्यांतील सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर असल्याचे सांगण्यात आले. ग्रॅफिनसारख्या थरांच्या रचनांची संख्या ५२ हजारांच्या घरात होती.

आकडे दिपवणारे आहेत. मात्र पुढच्याच वर्षी अँथनी चीथम आणि राम शेषाद्री या सांता बार्बरा येथील पदार्थवैज्ञानिकांनी या यादीची झडती घेतली. नवेपणा, विश्वासार्हता आणि उपयोगिता या तिन्ही कसोट्यांना उतरतील अशा पदार्थांचा पुरावा त्यांना फारसा आढळला नाही. अनेक नोंदी ज्ञात पदार्थांचीच किरकोळ रूपे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. यादी लांब असणे आणि ज्ञान वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच या टीकेचा आशय होता.

एका संयुगाची आकडेमोड मोठ्या संगणकावर काही तासांत किंवा दिवसांत उरकते. तेच संयुग शुद्ध स्वरूपात तयार करायला एखाद्या विद्यार्थ्याच्या पीएच.डी.ची दोन-तीन वर्षे जाऊ शकतात आणि तरीही ते तयार होईलच याची शाश्वती नसते. त्यामुळे भाकितांची रास वाढते आणि ती पडताळणारे हात तेवढेच राहतात.

बोरोफिनचा धडा

हे अंतर समजण्यासाठी बोरोफिनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. बोरॉनच्या अणूंचा एकेरी थर असू शकतो, हे गणिताने आधी सांगितले होते. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तो चांदीच्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात तयार झाला. भाकिताचा हा निःसंशय विजय होता. लगेच पुढच्या वर्षी दोन भाकिते आली. पहिले असे, की बोरोफिनचा ॲनोड केल्यास लिथियमसाठी दर ग्रॅमला १,८६० मिलिअँपिअर-तास एवढी क्षमता मिळेल, म्हणजे ग्रॅफाइटच्या पाचपट. दुसरे असे, की हा थर निरपेक्ष शून्याच्या वर १० ते २० अंशांच्या दरम्यान अतिसंवाहक ठरेल. एकच पदार्थ दोन्ही स्वप्ने पुरी करणार, असा त्याचा अर्थ होता.

प्रत्यक्षात अरगॉन येथे तयार झालेला थर अतिनिर्वात कक्षात, तापविलेल्या चांदीवर वाढविलेला होता. हवा लागताच बोरोफिनवर ऑक्सिजनची प्रक्रिया सुरू होते. चांदीवरून तो अलगद उचलणे कठीण आणि अतिसंवाहकतेसाठी तर चांदीचे सान्निध्यच अडसर ठरते. गणितातील थर एकटा, निर्दोष आणि अनंत पसरलेला होता. चांदीवरील थर तसा नव्हता. बोरोफिनच्या बॅटरीचे दुकानात दर्शन अद्याप झालेले नाही.

टायटॅनियम आणि कार्बनच्या थरांची कथाही अशीच आहे. एमएक्सीन नावाने ओळखला जाणारा हा गट फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ मध्ये प्रथम तयार झाला. उघड्या थरात दर ग्रॅमला ३२० मिलिअँपिअर-तास साठवता येतील, असे दुसऱ्याच वर्षी गणिताने सांगितले. मात्र आम्लात धुऊन काढलेला थर कधीच उघडा राहत नाही. त्यावर फ्लोरीन किंवा हायड्रॉक्सिल चिकटून येतात. फ्लोरीन असल्यास क्षमता १३० वर आणि हायड्रॉक्सिल असल्यास ६७ वर घसरते, हेही त्याच शोधनिबंधाने नमूद केले होते. गणित प्रामाणिक होते. बातमीसाठी मात्र पहिलाच आकडा उचलला जातो.

बॅटरीच्या कारखान्यात आणखी काही प्रश्न उभे राहतात. पातळ थरांची भुकटी हलकी असते, पण जागा खूप अडवते. म्हणजे ग्रॅममागे मिळालेली क्षमता डब्याच्या आकारमानामागे मिळेलच असे नाही. मोकळे पृष्ठ जेवढे अधिक, तेवढी पहिल्याच चार्जिंगमध्ये द्रावणाशी होणारी निरुपयोगी प्रक्रियाही अधिक, आणि त्यात लिथियम कायमचा अडकून पडतो. शिवाय सुटे केलेले थर वाळताना पुन्हा एकमेकांना चिकटतात. घावने परत चळतीला लागली, तर सोलण्याचे सारे श्रम वाया जातात. संगणकाच्या यादीत यांपैकी एकाही अडचणीसाठी सहसा रकाना नसतो.

अतिसंवाहकता : गणिताचे यश आणि मर्यादा

अतिसंवाहकतेच्या क्षेत्रात तर गणिताचे यश आणि अपयश दोन्ही ठळकपणे दिसतात. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी अतिप्रचंड दाबाखालील गंधक आणि हायड्रोजन यांचे संयुग उच्च तापमानाला अतिसंवाहक होईल असे भाकीत केले. २०१५ मध्ये जर्मनीतील माइंत्स येथे मिखाइल एरेमेट्स यांच्या गटाने उणे ७० अंश सेल्सिअसला ते प्रत्यक्ष मोजले. मात्र त्यासाठी वातावरणाच्या सुमारे पंधरा लाख पट दाब लागला. हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये दाबलेला तो कण वीज वाहून नेणार नव्हता, तरीही भाकीत खरे ठरले होते.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.०००५३ अंशाला अतिसंवाहक होतो, असे डिसेंबर २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातून जाहीर केले. बिस्मथमध्ये वहनास मोकळे इलेक्ट्रॉन इतके थोडे असतात की प्रचलित सिद्धांताने तेथे अतिसंवाहकतेची अपेक्षाच ठेवली नव्हती. त्याच संस्थेत १९९४ मध्ये यीट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांत अतिसंवाहकता आढळली आणि जगभरात बोरोकार्बाइड संयुगांच्या अभ्यासाची लाट आली. हा शोधही संगणकाच्या यादीतून आलेला नव्हता. तो नमुने तयार करून चिकाटीने मोजत राहणाऱ्या हातांनी लावला.

द्विमितीय पदार्थांतील सर्वांत गाजलेला शोध या दोन टोकांच्या मध्ये बसतो. ग्रॅफिनचे दोन थर एकमेकांवर सुमारे १.१ अंशाने फिरवून ठेवल्यास इलेक्ट्रॉनांची गती जवळजवळ थांबेल, हे टेक्सास विद्यापीठातील बिस्ट्रिट्झर आणि मॅक्डोनाल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने दाखविले होते. अशा थरांत अतिसंवाहकता प्रकटते, हे मात्र २०१८ मध्ये पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाने प्रयोग केल्यावरच कळले. कुठे पाहायचे ते गणिताने सांगितले, काय दिसेल ते प्रयोगाने.

भाकीत आणि पुरावा यांची गल्लत झाली की काय होते, ते जुलै २०२३ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. दक्षिण कोरियातील एका गटाने एलके-९९ नावाचा पदार्थ सामान्य तापमानाला अतिसंवाहक असल्याचा दावा केला. काही दिवसांतच त्या पदार्थातील इलेक्ट्रॉनांची मांडणी अनुकूल असल्याचे सुचविणारी आकडेमोड प्रसिद्ध झाली. समाजमाध्यमांनी तिलाच शिक्कामोर्तब मानले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांनी तातडीने नमुने तयार करून तपासले. त्यांना अतिसंवाहकता आढळली नाही. पुढे जर्मनीत तयार केलेला शुद्ध स्फटिक तर चक्क विद्युत्‌रोधक निघाला. आकडेमोड कल्पिलेल्या रचनेची होती. भट्टीतून निघालेला पदार्थ वेगळाच होता.

आपल्याकडील सामग्री

या क्षेत्रात भारत, आणि त्यातही महाराष्ट्र, अगदीच मागे नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. त्याअंतर्गत पुण्याच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म उभा राहिला. सेकंदाला ७९७ लाख कोटी गणिती क्रिया ही त्याची सुरुवातीची क्षमता होती. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात काम करणारे उमेश वाघमारे यांचा गट अशाच आकडेमोडीत अग्रेसर आहे. त्यांना २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. मॉलिब्डेनम आणि गंधक यांच्या एकेरी थरातील कंपनांवर त्यांनी प्रयोग करणाऱ्या ए. के. सूद यांच्या गटासह काम केले आहे. गणित करणारा आणि मोजणारा एकाच शोधनिबंधात एकत्र आले, की भाकिताला आधार मिळतो, याचे ते उदाहरण आहे.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे जाणारी पायवाटही पुण्यात दिसते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसरच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये सादर केले. सोडियम लिथियमपेक्षा जड आणि साठवणुकीत काहीसा उणा आहे. पण तो मुबलक आहे आणि त्यासाठी कोणत्याही देशाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. घराच्या कोपऱ्यात ठेवायच्या बॅटरीला वजनाची फारशी चिंता नसते. चक्रीवादळानंतर चार दिवस दिवे लावायचे असतील, तर किनाऱ्याला हीच वाट जवळची ठरू शकते. पदार्थ नवलाईचा असण्यापेक्षा तो तयार करता येण्याजोगा असणे येथे अधिक मोलाचे ठरते.

रेडीचे खनिज, शिरोड्याचे मीठ

सिंधुदुर्गचा या साऱ्याशी संबंध केवळ वीज वापरणारा जिल्हा एवढाच नाही. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी अनेक दशके लोहखनिजासाठी ओळखली जाते. या खनिजाचा मुख्य घटक असलेल्या हेमेटाइटपासून तीन अणूंच्या जाडीचा थर वेगळा काढता येतो, हे पुलिकल अजयन यांच्या अमेरिकेतील राइस विद्यापीठातील गटाने भारतीय आणि ब्राझिलियन सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये दाखविले. त्याला त्यांनी हेमेटिन असे नाव दिले. जाड खनिजात नसलेले चुंबकत्व या पातळ थरात दिसून आले. हेमेटाइटमध्ये ग्रॅफाइटसारखे सैल थर नसतात. त्यामुळे सैल थरांच्या नियमाने चालणाऱ्या यादीत हा पदार्थ सापडला नसता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी इल्मेनाइटपासूनही असाच थर मिळविण्यात आला. इल्मेनाइट म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचे काळे खनिज. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत ते आहे. आणि सोडियमचे म्हणाल, तर मे १९३० मध्ये ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, ती रेडीपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

मात्र येथेच सावध होण्याची गरज आहे. ग्रॅमभर हेमेटिनसाठी डोंगर पोखरावा लागत नाही. या पदार्थांचे मोल खनिजाच्या टनांत नाही. ते शुद्धीकरण, थर सोलण्याचे कसब आणि मोजमापाची उपकरणे यांत आहे. खनिज जहाजात भरून पाठवायचे आणि त्यापासून घडलेली वस्तू शंभरपट दराने विकत घ्यायची, हा अनुभव कोकणाला नवा नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० खनिजांची महत्त्वाची खनिजे म्हणून यादी जाहीर केली. तीत ग्रॅफाइट, लिथियम आणि टायटॅनियम यांचा समावेश आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय अभियानही मंजूर झाले. उद्या एखाद्या संगणकीय भाकिताचा हवाला देऊन किनाऱ्यावरची वाळू किंवा सह्याद्रीच्या पायथ्याचा डोंगर खणण्याचा प्रस्ताव पुढे आला, तर त्याची छाननी कोण करणार? जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीत साठलेले पाणी बांध फोडून घरांत आणि शेतीत शिरले. खाणीची किंमत कोण मोजतो, हे त्या गावाने अनुभवले आहे. यादीतील पदार्थ अजून प्रयोगशाळेतही टिकत नसताना त्याच्या नावाने जमीन मागितली जाऊ नये, एवढा विवेक प्रशासनाने आणि ग्रामसभांनी बाळगायला हवा.

अंतर कापायचे कसे?

या क्षेत्राची दारे लहान गावांना पूर्वी बंद होती. ती आता बऱ्याच अंशी उघडी आहेत. बर्कलीच्या मटेरियल्स प्रोजेक्टसारखे पदार्थांचे भांडार २०११ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. क्वांटम एस्प्रेसोसारखी आकडेमोडीची प्रणालीही मोफत मिळते. ग्रॅफिनसारख्या साध्या थराचे गणित साध्या संगणकावरही होऊ शकते. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्याला हे शिकण्यासाठी आज परवानगीची नव्हे, तर मार्गदर्शकाची वाण आहे. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी आपल्या महासंगणकावरील थोडा वेळ आणि शिक्षकांचे काही दिवस जिल्ह्यांतील महाविद्यालयांना दिले, तर त्याचा खर्च नगण्य आणि लाभ दीर्घकाळचा ठरेल.

दुसरी गरज पैशाच्या वाटणीची आहे. महासंगणकाचे उद्‌घाटन दिसते, छायाचित्र छापून येते. भट्टी, निर्वात कक्ष आणि त्यांच्याशी वर्षानुवर्षे झगडणारा तंत्रज्ञ कोणाला दिसत नाही. पण भाकितांची रास आधीच इतकी मोठी आहे, की आणखी एक लाख नोंदींपेक्षा त्यांतील शंभर पदार्थ तयार करून पाहणे देशाच्या अधिक हिताचे आहे. जे पदार्थ तयार झाले नाहीत, त्यांच्या अपयशाच्या नोंदीही प्रसिद्ध व्हायला हव्यात. आज त्या वहीतच राहतात आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी तीच वाट पुन्हा चुकतो. त्या नोंदी मिळाल्या, तर संगणकाचे पुढचे भाकीतही सुधारेल.

तिसरी जबाबदारी वृत्तपत्रांची आणि वाचकांची आहे. नव्या पदार्थाची बातमी वाचताना तीन साधे प्रश्न विचारले, तरी बराच भ्रम टळेल. हा पदार्थ तयार झाला आहे की केवळ गणितात आहे? दुसऱ्या कोणी तो तयार करून पाहिला आहे काय? आणि आकडा एका निर्दोष थराचा आहे की वापरता येईल अशा बॅटरीचा?

समुद्रावर जाणाऱ्या माणसाला भाकितांचे वावडे नसते. हवामान खात्याचा इशारा तो ऐकतो, त्याप्रमाणे होडी ओढून घेतो. पण इशारा म्हणजे वादळ नव्हे आणि शांत समुद्राचे भाकीत म्हणजे जाळ्यातली मासळी नव्हे, हेही त्याला ठाऊक असते. संगणकाच्या यादीकडे याच नजरेने पाहिले पाहिजे. तौक्तेनंतर अंधारात बसलेल्या गावांना बावन्न हजार कल्पित थरांचा उपयोग नव्हता. त्यांना एक चालणारी बॅटरी हवी होती. यादीतून ती बॅटरी घडविण्याचे काम आपल्या प्रयोगशाळांत आणि आपल्या मुलांच्या हातून झाले नाही, तर पुढच्या वादळातही किनारा दिव्यासाठी दुसऱ्याच्याच दाराकडे पाहत राहील.